जहाजावर उपाशी

माझा नवरा अडीच दिवस समुद्रावर उपाशी राहिला. तेही कुठं, तर अशा जहाजावर जिथं पहाटेपासून कुठल्या ना कुठल्या मजल्यावर जेवण मांडलेलंच असतं आणि किती खाल्लं, काय खाल्लं हे कुणी विचारत नाही. माहेरी हे सांगितलं तेव्हा माझी भावजय तोंडाला पदर लावून हसली. हसू दे बापडी. पहिल्या दिवशी मलाही हसूच येत होतं.

आमच्या पोरानं नेलं होतं आम्हाला. एकुलता एक पोरगा, पुण्यात इंजिनिअर आहे. माझ्या साठीचं निमित्त काढलं आणि आम्ही दोघं, तो आणि सूनबाई अशी चौघांची तिकिटं काढून मोकळा झाला. मुंबईहून निघायचं, पाच दिवस समुद्रात फिरायचं आणि परत मुंबईला उतरायचं. मी म्हटलं, अरे, फिरून परत तिथंच यायचं तर जायचं कशाला? तो म्हणाला, आई, तू गप बस आणि बॅग भर. मी गप बसले आणि बॅग भरली. ज्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं त्या गावची मी बाई, पाणी बघायला चालले होते.

बॅगेत मी चाळीस धपाटे आणि किलोभर शेंगदाण्याची चटणी घातली होती. बंदरावर तपासणी करणाऱ्या बाईनं डबा उघडला, गोड हसली आणि घरचं जेवण आत नेता येत नाही असं सांगून बाजूला ठेवून घेतला. मी तिला म्हटलं, बाई, तू तरी खा, फेकू नको. ती परत गोड हसली. आमचे हे जवळच उभे होते, त्यांचा चेहरा तेवढ्यात उतरला. तेव्हा मला वाटलं की धपाट्यांसाठीच उतरला.

जहाज मात्र काय सांगू! तेरा मजले. जिन्यांना गालिचे आणि भिंतींना आरसे, इतके की मी एका आरशातल्या बाईला वाट सोडायला बाजूला झाले, ती मीच निघाले. आमच्या खोलीला समुद्राकडं उघडणारी गॅलरी होती. खोली आवरणाऱ्यानं टॉवेलची घडी घालून पलंगावर हत्ती बसवला होता. तो हत्ती मोडायला माझा जीव होईना, मी अंग पुसायला माझं लुगड्याचं फडकं काढलं. हे गॅलरीत डोक्याला दस्ती बांधून बसले आणि म्हणाले, "लई पाणी हाय गं." खुशीत होते. मनात म्हटलं, चला, पोराच्या खर्चाचं चीज झालं.

मग दुपारी जेवायला वर गेलो.

वरच्या मजल्यावर लग्नाच्या मांडवाएवढा हॉल. दारातून आत शिरलं की पांढऱ्या ताटल्यांची चळत, आणि तिथून रांग सुरू. लोक ताटली हातात धरून पुढं सरकत होते. पांढऱ्या उंच टोप्या घातलेले आचारी पलीकडून वाढत होते. चाळीस-पन्नास तरी पदार्थ असतील. पोरगा पुढं, सूनबाई त्याच्या मागं, मी तिच्या मागं. वळून बघते तर हे दारातच थांबलेले.

"तुम्ही जेवून घ्या," म्हणाले. "माझं पोट जरा जड हाय."

आणि वळून लिफ्टकडं निघून गेले. मला तिथंच सगळं कळलं. धपाट्यांचा डबा गेला तेव्हा चेहरा का उतरला होता तेही कळलं. पोराला काहीच कळलं नाही. तो ताटली हातात घेऊन बापाच्या पाठीकडं बघत राहिला.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला पाहिजे.

आमचं मूळ गाव औशाकडचं. रान रस्त्याला लागून होतं. आमच्या भागात थंडीत वेळ अमावस्या येते, आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही, सगळं गाव रानात जेवतं. भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं ताकाचं आंबील. आणि आमचे हे काय करायचे, तर सकाळपासून रस्त्यावर जाऊन उभे. सायकलवाला असो, एसटीची वाट बघणारा असो, ओळख ना पाळख, हाताला धरून रानात आणायचे. "चला हो, दोन घास खाऊन जावा, गाडी काय पळून चालली का!" मी नवी नवरी होते तेव्हा वैतागायचे. चूल पेटलेली ती दिवसभर विझायची नाही. पण पंगतीत वाकून वाढत फिरणारा, नको म्हणणाऱ्याच्या हातावर आंबील ओतणारा तो माणूस बघून मला फार बरं वाटायचं. आवडायचाच मला तो.

मग भूकंप झाला. त्यात काय झालं ते मी लिहीत बसत नाही. आमच्याकडच्या माणसाला ते सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगून कळत नाही. सासू-सासरे गेले. घर गेलं. माझा पाय मांडीत मोडला. आम्ही तिघं उरलो, हे, मी आणि सहा वर्षांचं पोरगं. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागलो आणि बाहेरून आलेल्या लोकांनी शिजवलेलं अन्न रांगेत उभं राहून आणायला लागलो.

त्या रांगेत एके दिवशी काय झालं ते ह्यांनी मला दोन वर्षं सांगितलं नाही. सांगितलं ते लातूरला आल्यावर, खानावळीवरून भांडण झालं तेव्हा.

रान वाट्यानं लावून आम्ही लातूरला आलो होतो. तेव्हा लातूरला शिकवण्यांचं पीकच आलं होतं. चाकूरपासून माहूरपर्यंत कुठून कुठून पोरं यायची, बारावी करायला, डॉक्टर व्हायला. एकेका खोलीत चार-चार पोरं, आणि सगळी भुकेली. मी म्हटलं, आपण खानावळ काढू. सगळ्या खानावळींत टेबल लावलेलं असायचं, पोरं ताट घेऊन रांगेत यायची, पटापट वाढून घ्यायची. मीही तसंच टेबल आणायला सांगितलं तर हे माझ्या अंगावरच आले. "माझ्या दारात एक माणूस ताट घेऊन उभा राहणार न्हाई! बसवून वाढायचं, न्हाई तर खानावळच नको!" मीही कमी नाही. मी म्हटलं, मग वाकून वाकून कंबर कुणाची मोडणार, तुमची का माझी? तेव्हा हे खाली बसले आणि सांगितलं.

त्या दिवशी हे दोन ताटल्या घेऊन रांगेत उभे होते. एक स्वतःची, एक माझी; पोरगं आमच्यातच खायचं. ऊन मी म्हणत होतं. नंबर आला, एका ताटलीत खिचडी पडली, तेव्हा वाढणाऱ्या माणसानं विचारलं, दुसरी कुणाची? हे म्हणाले, बायकोची, तिचा पाय मोडलाय. तो म्हणाला, सगळे असंच सांगतात, एका माणसाला एक ताट. ह्यांनी दुसरी ताटली पुढं केली तर त्यानं ती ओढून घेतली, दंडाला धरून ह्यांना रांगेबाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "लाज वाटत नाही का, दोन-दोन ताटं न्यायला?"

त्या माणसाला तरी काय बोलायचं. सकाळपासून वाढत असेल, मागं हजार माणसं. पण माझ्या नवऱ्याचं तिथं काहीतरी मोडलं, ते काही परत सांधलं नाही. रडत रडत मला म्हणाले, "पोराला हे कधी कळू द्यायचं न्हाई. त्याला मी येळवसेचाच दिसलो पाहिजे. रस्त्यावरची माणसं धरून आणणारा." मी शब्द दिला. पंचवीस वर्षं आम्ही खानावळ चालवली, बसवून वाढलं. कंबर दोघांचीही मोडली.

पण जग काय आमच्यासाठी थांबतंय? लग्नाकार्यात बुफे आले. हे जायचे, आहेर द्यायचे, हात जोडायचे आणि न जेवता परत यायचे. मी ताट आणून देते म्हटलं तरी नाही. "माझ्यापायी तू रांगेत उभी राहणार? मग मीच उभा राहिलो असतो की." पोराचं लग्न पुण्याला झालं. मुलगी त्यानं आपली आपण बघितलेली, जातीबाहेरची. आमची ना नव्हती, देवाशप्पथ नव्हती. पण जेवण बुफेचं होतं आणि बाप न जेवता हॉलच्या दारात पाहुण्यांना हात जोडत उभा राहिला. पोरानं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पुढं कितीदा तरी फोनवर मला म्हणायचा, "आण्णा माझ्या लग्नात जेवले न्हाईत, आई." मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. शब्द दिला होता ना.

असा सगळा गुंता घेऊन आम्ही त्या तेरा मजली जहाजावर होतो.

संध्याकाळी माझ्या जिवात जीव आला, कारण रात्रीचं जेवण दुसऱ्या हॉलमध्ये होतं आणि तिथं बसवून वाढत होते. पांढरी शुभ्र चादर घातलेलं टेबल, मऊ खुर्च्या, प्रत्येकापुढं काटे-चमचे इतके की सुतारकाम करायचंय की काय वाटावं. एक हसतमुख वाढपी मागं उभा. हे ताठ बसले, मिशीवरून हात फिरवला. मी म्हटलं, सुटलो बाई.

वाढप्यानं वाकून विचारलं, "सर, सूप?"

हे हात हलवून म्हणाले, "नक्को जी, नक्को."

वाढपी मान लववून निघून गेला! हे त्याच्या पाठीकडं बघतच राहिले. पाव आला. "नक्को जी, बस." पावही गेला. मुख्य जेवण काय घेणार विचारलं तर हे म्हणाले, "कुछ बी चलेगा, थोडासा." तर एवढ्या मोठ्या बशीत मधोमध कोंबडीच्या पिल्लाला पुरेल एवढा भात आला, त्यावर एक हिरवं पान. दोन घासात संपला. वाढपी आला, "और कुछ, सर?" हे आपले, "नक्को, नक्को, पोट भर गया." त्यानं बशी उचलली आणि टेबल पुसून टाकलं.

खोलीत आल्यावर मी पोट धरून हसले. म्हटलं, "अहो, इथं नको म्हटलं की नकोच असतंय."

"एकदा म्हटल्याबरोबर ताट उचलतात व्हय?" हे भडकलेच. "पहिल्यांदाच हो म्हणायचं, आधाशासारखं? दोनदा तरी आग्रह करतो की माणूस!"

टेबलावरच्या फळांतली दोन केळी खाल्ली आणि झोपले. दुसरा दिवस तसाच. सकाळी रांग, दुपारी रांग, संध्याकाळी परत नक्को जी. मी टेबलाखालून पाय मारत होते तरी ह्यांच्या तोंडून पहिल्या विचारण्याला हो निघेना. हसू येत होतं, पण पोराकडंही माझं लक्ष होतं. तो हातातला रुमाल पिळत बसला होता. त्यानं बापासाठी मुद्दाम खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं होतं. सूनबाई हळूच मला म्हणाली, "आई, आमचं काही चुकलं का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फुटलं.

त्या वरच्या हॉलच्या बाहेर, डेकवर खुर्च्या होत्या. हे तिथं समुद्राकडं तोंड करून बसले होते. पोरगा आला आणि समोर उभा राहिला. सूनबाई मागं थांबली.

"आण्णा, खरं सांगा," तो म्हणाला. "माझ्या लग्नात जेवला न्हाईत. घर घेतलं, वास्तुशांतीला जेवला न्हाईत. इथं समुद्रात आणलं तरी तेच. माझं अन्न इतकं नकोसं हाय का? लग्न मान्य नव्हतं तर तेव्हाच बोलायचं होतं."

हे समुद्राकडं बघून राहिले. नुसतं एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं, पण नाही. आणि माझं टाळकं सटकलं.

"बस झालं!" मी ओरडलेच. आजूबाजूचे दोघे-चौघे वळून बघायला लागले. बघू दे.

"तू गप बस गं," हे म्हणाले.

"न्हाई बसणार! तीस वर्षं गप बसले. तिकडं पोरगं झुरतंय, इकडं तुम्ही उपाशी मरताय, आणि मी मधे बसून शब्द पाळू? खड्ड्यात गेला तो शब्द!"

आणि सांगून टाकलं. रांग सांगितली, दोन ताटल्या सांगितल्या, दंडाला धरून बाहेर काढलेलं सांगितलं, तो माणूस काय बोलला ते त्याच शब्दांत सांगितलं. सांगताना ह्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. ज्याच्या नजरेतून उतरायला नको म्हणून आयुष्यभर उपाशी उठला, त्याच्यासमोर बायकोनंच उघडं पाडलं. माझ्या मनात आलं, आता हा माणूस मला कधी माफ करणार नाही.

पोरगा हळूच खाली बसला, ह्यांच्या पायाशी, डेकवरच. मग म्हणाला, "आई, मी तिथंच होतो."

मला काही समजेना. "कुठं होतास?"

"आण्णांनी मला लिंबाखाली उभं केलं होतं. इथनं हलू नको म्हणाले होते. मला सगळं दिसलं."

ह्यांनी तोंडावरचे हात काढले.

"मला वाटलं, तुम्ही विसरला असाल," पोरगा म्हणाला. "तुम्ही त्याच्यापायी जेवत न्हाई, हे माझ्या डोक्यातच कधी आलं न्हाई. मी उगं मनात धरून बसलो."

"तू बघितलंस?" हे म्हणाले. "आणि कधी बोलला न्हाईस?"

"बोललो असतो तर मी बघितलं हे तुम्हाला कळलं असतं ना."

सहा वर्षांचं पोर हो! सहा वर्षांचं! मला हुंदका आला. पण त्याचं अजून संपलं नव्हतं.

"आण्णा एक ताटली घेऊन शेडमध्ये आले," तो समुद्राकडं बघत म्हणाला, "आणि आईला म्हणाले, मी तिथंच जेवून आलो, तुम्ही दोघं खावा. मला माहीत होतं ते जेवले न्हाईत ते. मी बघत होतो की. म्हणून मी पण म्हणालो, मला भूक न्हाई."

"तू तर म्हणालास, मास्तरांनी बिस्किटं दिली," हे म्हणाले.

"कुणी न्हाई दिली."

सूनबाई येऊन माझ्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून उभी राहिली. तिला वाटलं, मी ह्या दोघांसाठी रडतेय.

मी माझ्यासाठी रडत होते. ती खिचडी मी खाल्ली होती. सगळी. नवरा म्हणाला जेवून आलो, पोरगा म्हणाला भूक नाही, आणि मी दोन दिवसांची उपाशी, मला ते खरं वाटायला पाहिजे होतं म्हणून खरं वाटलं. वर मीच पोराला म्हणालेही होते, बरं झालं बाबा, तुझं पोट भरलं. तीस वर्षं मी त्या दोघांच्या मधे शहाणी होऊन बसले होते, ह्याचं त्याला कळू देत नव्हते, त्याचं ह्याला समजावत होते. आणि त्या दिवशी शेडमध्ये पोट भरलेली मी एकटीच होते.

मी हे बोलून दाखवलं नाही. दोघांनाही ते आधीपासून माहीत असणार, ताटली तर त्यांच्यासमोरच पुसून खाल्ली होती. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानंही मला ते जाणवू दिलं नव्हतं.

हे उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. लपवायचं आता काही राहिलंच नव्हतं. पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल. ताटली कुठनं घ्यायची दाखव."

आम्ही चौघं रांगेत उभे राहिलो. सूनबाई पुढं, मग पोरगा, मग हे आणि शेवटी मी. ह्यांनी ताटली दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, पण रांग सोडली नाही. टोपीवाल्या आचाऱ्यानं विचारलं तेव्हा पोरगाच वळून म्हणाला, "वाढा, वाढा, ते नको म्हणतील, तरी वाढा."

टेबलावर बसलो. वाटलं, आज आपण जेवूच नये. पण मी ताट बाजूला सारलं असतं तर ते दोघंही हात आखडून बसले असते, मला चांगलं माहीत आहे. म्हणून जेवायचं ठरवलं. फक्त ह्या वेळी मी आधी ह्यांच्या ताटात बघितलं, मग पोराच्या ताटात बघितलं, दोघांनी पहिला घास तोंडात घातल्याची खात्री केली, आणि मग माझ्या ताटाला हात लावला.